चौथ्यातून सुटणारा गिअर: १९५७ च्या शेव्हरोले ट्रकमधली इंजिन-गिअरबॉक्सची फेरजोडणी

गाडी १९५७ सालची शेव्हरोले ३८००. एक टनी, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. इंजिन २३५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर, पेट्रोल. त्यामागे चार गिअरचा एसएम ४२० गिअरबॉक्स. गाडी माशेलमधल्या एका घरची. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात परदेशी गाड्या आणायला शेजारच्या भारतासारखी बंधने नव्हती, त्यामुळे १९६१ पूर्वीच्या अमेरिकन, जर्मन, ब्रिटिश गाड्या इथल्या जुन्या घरांच्या पडव्यांत अजून सापडतात. ही त्यांतलीच एक. आधी नारळ आणि चिरे वाहिले, मग कित्येक वर्षे उभी राहिली, आणि आताच्या मालकांनी, म्हणजे भाईंनी, ती पुन्हा नीट चालती करायचे ठरवले.

भाईंनी इंजिन एका वर्कशॉपला पूर्ण ओव्हरहॉलसाठी दिले. बोअरिंग झाले, क्रँक ग्राइंड झाला, सगळे नवे होऊन इंजिन परत बसले. इंजिनाचे काम चांगलेच झाले होते, हे मी आधीच सांगतो. आयडलवर त्याचा आवाज ऐकत राहावासा वाटतो. पण गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिला दोन नवी दुखणी लागली होती.

पहिले म्हणजे चौथा गिअर सुटायचा. सपाटीला नाही, चढावर जोर लावताना नाही. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा हातावर ठोसा देऊन न्यूट्रलला यायचा. फर्मागुडीच्या उतारावर भरल्या गाडीचे इंजिन-ब्रेक असे अचानक जाणे म्हणजे काय, हे जुन्या ड्रम ब्रेकची गाडी चालवलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. दुसरे, रिव्हर्स टाकताना दात करकरायचे.

आमच्याकडे गाडी आली तोपर्यंत भाईंना सल्ले भरपूर मिळाले होते. बहुतेकांचे म्हणणे एकच: गिअरबॉक्स गेला, उघडा, टॉपचा, म्हणजे चौथ्याचा, सिंक्रो (गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारा भाग) बदला. काहींचे म्हणणे त्याहून पुढचे: हे सगळे काढून टाका, एखादे नवे डिझेल इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससकट बसवा, कटकट संपेल. भाई दुसऱ्याला तयार नव्हते आणि माझ्या मते त्यांचे बरोबर होते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनीही व्हिंटेज गाडीची व्याख्या करताना ५० वर्षांच्या अटीबरोबर चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, असे म्हटले आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी, या गाडीचे सत्त्व त्या सहा सिलिंडरांत आणि त्या लांब दांड्याच्या गिअरबॉक्समध्येच आहे.

गिअरबॉक्स उघडायच्या आधी

मला पहिली गोष्ट खटकली ती ही की इंजिन उतरवण्यापूर्वी गिअर सुटत नव्हता. भाईंनी गाडी वर्कशॉपपर्यंत स्वतः चालवत नेली होती, तीही उतारावरून. मधल्या काळात गिअरबॉक्स कुणी उघडला नव्हता. मग तो आतून कसा बिघडेल? बदलले होते ते त्याच्या पुढचे सगळे: फ्लायव्हील, क्लच, पायलट बुश आणि बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे क्लचभोवतीचे कवच. मूळ हाउसिंगचा एक कान इंजिन काढताना फुटला, म्हणून भंगारातल्या दुसऱ्या शेव्हरोलेचे हाउसिंग लावले, असे भाईंना सांगण्यात आले होते. हे वाक्य त्यांनी जाता जाता सांगितले. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटले.

रिव्हर्सच्या करकरण्याची परीक्षा सोपी आहे आणि कुठल्याही जुन्या गाडीवर करता येते. इंजिन आयडलवर ठेवायचे, क्लच तळापर्यंत दाबायचा, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. एसएम ४२० मध्ये पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रो नसतोच. त्यामुळे घाईत टाकला तर कुठलाही करकरेल. पण दहा मोजेपर्यंत आतली चाके थांबायला हवीत. ती थांबत नव्हती. म्हणजे क्लच दाबूनही इंजिन क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टला थोडे थोडे फिरवत होते.

मग पेडल पाहिले. फ्री प्ले शून्य. साधारण पाऊण ते एक इंच मोकळी हालचाल असायला हवी, इथे पायाचा स्पर्श होताच क्लच सोडवणारे थ्रस्ट बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या पट्ट्यांना, टेकत होते. क्लच रॉडचा आटा शेवटपर्यंत फिरवून संपवला होता. यातून दोन गोष्टी कळतात. रॉडचा आटा टोकाला गेला की कुठेतरी चुकीच्या मापाचा भाग बसला आहे, असे खुशाल समजावे. आणि पेडलची सगळी चाल वापरूनही क्लच सोडत नसेल, तर दोष पेडलकडे नाही. प्लेटमध्ये नाहीतर पायलट बुशमध्ये आहे.

गिअरबॉक्स उतरवला. या मॉडेलमध्ये केबिनच्या फरशीचा मधला पत्रा निघतो, त्यामुळे वरूनही हात जातो. हे काम आमच्या मेस्त्रींचे. त्यांचे हात खनिजाच्या टिपरांवर तयार झालेले आहेत. सावर्डे-कुडचड्याच्या पट्ट्यात ट्रक उभा राहिला की तासागणिक पैसा जायचा, त्यामुळे गिअरबॉक्स झटपट उतरवण्या-चढवण्याची जी पिढी तिथे घडली, ती २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीनंतर विखुरली. हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. ते जाते आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आत तीन गोष्टी दिसल्या.

पायलट बुश, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचे नाक धरणारी छोटी बुश, साध्या पितळेची कातून बसवली होती. भोकाच्या कडेला सोनेरी भुकटी जमली होती. बोट फिरवले तर भोक आत गोल आणि घट्ट, पण तोंडाशी पसरट. नुसती झिजलेली बुश सगळीकडे सारखी झिजते. तोंडाशीच पसरली असेल, तर शाफ्ट आत सरळ जात नाही, कलून जातो आहे. पेडल दाबल्यावरही शाफ्ट फिरत राहण्याचे निम्मे कारण ही आवळून धरणारी बुश होती.

दुसरे निम्मे क्लच प्लेटमध्ये होते. हबच्या रिबिटांभोवती पत्रा चमकत होता आणि प्लेट शाफ्टवर चढवून फिरवली तर कडेने लहरत होती. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार क्लच प्लेटच्या हबवर लोंबकळत राहिला की अशी प्लेट वाकते. साठ-पासष्ट किलोचा गिअरबॉक्स, आणि मध्ये एवढासा पत्रा. एकदा वाकली की ती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात कधीच मोकळी सुटत नाही.

तिसरी गोष्ट थ्रस्ट बेअरिंगची. शेव्हरोलेने तीसच्या दशकाच्या अखेरीपासून डायफ्रामचा, म्हणजे एकाच चकतीसारख्या स्प्रिंगचा, क्लच वापरला. सपाट बोटांच्या डायफ्रामला लांब बेअरिंग लागते, तीन बोटांच्या जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटला आखूड. या गाडीत प्रेशर प्लेट तीन बोटांची नवी लावली होती आणि बेअरिंग जुन्या क्लचचे लांब. म्हणून फ्री प्ले शून्य, म्हणून रॉड टोकाला.

डायल गेज

एवढ्याने रिव्हर्सचा उलगडा झाला. चौथ्याचा अजून व्हायचा होता, आणि पसरट तोंडाची बुश तिकडेच बोट दाखवत होती.

गिअरबॉक्स बेल हाउसिंगच्या मागच्या मोठ्या भोकात आपला गोल खांदा घालून बसतो. तो कुठे बसेल हे ते भोक ठरवते. त्या भोकाचे केंद्र आणि क्रँकचे केंद्र एकाच रेषेत हवे. कारखान्यात हाउसिंग आणि ब्लॉक यांची सांगड दोन डॉवेल पिनांनी, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंट्यांनी, पक्की केलेली असते. दुसऱ्या गाडीचे हाउसिंग आणून लावले की बोल्ट बसतात, पिनाही बसतात, पण केंद्र जुळेलच असे नाही. डोळ्यांना ते कधीच दिसत नाही.

स्पार्क प्लग काढले, डायल गेजचा, म्हणजे तबकडीवर बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचा, चुंबकी पाया फ्लायव्हीलवर चिकटवला, काटा हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवला आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. मागून पाहताना घड्याळाच्या बाराच्या जागी शून्य केले. तीनला सहा थाउ आले, सहाला वीस, नऊला चौदा, आणि पुन्हा बाराला शून्य. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज नेहमी करून पाहावी: शून्य आणि वीस मिळून वीस, सहा आणि चौदा मिळूनही वीस. बेरजा जुळल्या म्हणजे भोक गोल आहे, काटा घसरलेला नाही, वाचन विश्वासाचे आहे.

आता हिशेब. उभ्या दिशेत वीसचा निम्मा, म्हणजे हाउसिंग दहा थाउ वर. आडव्या दिशेत चौदा वजा सहा, त्याचा निम्मा, चार थाउ उजवीकडे. दोन्ही मिळून केंद्र जवळजवळ पावणेअकरा थाउ सरकलेले, आणि डायलवरचा पूर्ण फेर त्याच्या दुप्पट, साडेएकवीस थाउ. अशा जोडणीत डायलवर पाच थाउंपर्यंतचा फेर चालतो, असे सर्वसाधारणपणे धरतात. इथे तो चौपटीहून जास्त होता.

मिलिमीटरमध्ये सांगायचे तर केंद्र पाव मिलिमीटरहून थोडे जास्तच हलले होते. एवढ्याने गिअर सुटतो? सुटतो, आणि का ते समजून घेण्यासारखे आहे. गिअरबॉक्स पूर्ण वर सरकलेला, पण त्याच्या इनपुट शाफ्टचे नाक पायलट बुशने क्रँकच्या केंद्राकडे ओढून धरलेले. म्हणजे शाफ्ट पुढच्या बेअरिंगवर कललेला. चौथा गिअर या बॉक्समध्ये थेट असतो: सिंक्रोची स्लीव्ह सरकून इनपुट शाफ्ट आणि मेनशाफ्ट यांना एकमेकांत कुलूप घालते. हे दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्यात स्लीव्हचे दात किंचित पुढे-मागे घासतात. जोर असताना दातांवरचा दाब स्लीव्हला धरून ठेवतो. उतारावर पाय काढला की तो दाब ढिला पडतो, उलटा होतो, आणि सुटू पाहणाऱ्या स्लीव्हला अडवायला फक्त सिलेक्टर शाफ्टची छर्रा-स्प्रिंग उरते. ती हरते. दुसऱ्या-तिसऱ्यात शक्ती खालच्या शाफ्टवरून फिरून येते, म्हणून तिथे हे दुखणे दिसत नाही. सिंक्रो बदलला असता तर नवा सिंक्रो थोडे दिवस टिकून तोही झिजला असता.

एक शंका उरली होती. या गाडीत इंजिनाचा पुढचा आधार तोंडाशी आहे आणि मागचे दोन आधार थेट बेल हाउसिंगच्या कानांवर. फाउंडेशनची, म्हणजे याच आधारांची, रबरे दगडासारखी झाली होती. चेसिसच हाउसिंगला पिळत असेल तर? इंजिन तसेही बाहेर काढायचे होते, कारण हाउसिंग सोडवले की इंजिनाला मागून आधारच राहत नाही. बाहेर लाकडी ओंडक्यांवर ठेवून पुन्हा वाचन घेतले. आकडे जवळपास तेच. दोष हाउसिंगचाच.

डॉवेल

फुटलेले मूळ हाउसिंग मिळाले असते तर मी कान वेल्ड करून तेच लावले असते. ते भंगारात गेले होते. म्हणून आहे त्या हाउसिंगला जागेवर आणायचे ठरले, एक्सेंट्रिक डॉवेलने: अर्धी पिन ब्लॉकमध्ये बसते, उरलेली अर्धी हाउसिंगमध्ये, आणि दोन अर्धांची केंद्रे ठरलेल्या अंतराने वेगळी. आमच्यासाठी अंतर अकरा थाउ.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका टर्नरने त्या कातल्या. फोर-जॉ चकमध्ये गोल सळई डायलवर बावीस थाउ फेर दाखवेपर्यंत बाजूला सरकवायची. फेर बावीस म्हणजे केंद्र अकराने हलले. मग उरलेला अर्धा भाग कातायचा आणि तोंडावर पेचकसासाठी खाच द्यायची. त्याने तीन कातल्या, एक राखीव. त्यांचा पृष्ठभाग असा होता की पिन भोकात ढकलल्यावर हवा सुस्कारत बाहेर आली. अशा कामाची मजुरी घासाघीस न करता द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही पिनांच्या खाचा एकाच दिशेला, खाली आणि किंचित डावीकडे वळवल्या. हाउसिंग लावले, बोल्ट आवळले, डायल फिरवला. नऊ थाउ. खाचा थोड्या फिरवल्या, पुन्हा आवळले. चार थाउ. भोकाइतकेच महत्त्व मागच्या सपाट तोंडाला असते, म्हणून काटा त्यावरही फिरवून पाहिला. तिथे मात्र प्रत्येक वाचनाआधी क्रँक पुढे दाबून धरावा लागतो, नाहीतर त्याचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे होणारी हालचालच, मोजली जाते. तोंड मर्यादेत होते. पिना लॉकिंग केमिकल लावून पक्क्या केल्या.

फेरजोडणी

जून सुरू झाला होता. गोव्याच्या पावसाळी हवेत घासलेले बीड किती लवकर तांबूस होते हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. फ्लायव्हीलचे तोंड स्किम करून, म्हणजे मशीनवर बारीक कातून, आणले होते. संध्याकाळी आरशासारखे, सकाळी त्यावर गंज. म्हणून आमच्याकडे शिस्त अशी की मशिनिंगचे तेल पुसायचेच नाही. क्लच बसवण्याच्या वेळी बारीक पॉलिश पेपर, मग थिनर, मग कोरडे फडके, आणि लगेच प्लेट.

जुनी पायलट बुश काढायला ओले वर्तमानपत्र वापरले. कागदाचे बोळे भोकात ठासायचे, भोकाच्या मापाचा शाफ्टचा तुकडा घालून हातोडीने ठोकायचे; कागद मागे साचतो आणि बुशला बाहेर ढकलतो. नवी बुश सच्छिद्र ब्राँझची, इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवलेली. हिला ग्रीस लावू नये, ग्रीसने छिद्रे बुजतात. ठोकून बसवल्यावर भोक आवळते, म्हणून बसवल्यानंतर शाफ्ट घालून दोन-तीन थाउंची सैल आहे ना, हे पाहिले.

प्लेट नवी, तीन बोटांच्या क्लचला साजेसे आखूड बेअरिंग नवे, प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तपासून लावलेली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळलेले. हे सगळे पुस्तकी आहे, यावर थांबत नाही.

इंजिन बेल हाउसिंगसकट पावणेतीनशे किलोच्या घरात. रेडिएटर आणि पुढची जाळी काढून ते समोरून आत घेतले. साखळी हेडच्या बोल्टांना लावलेल्या पट्ट्यांना, मॅनिफोल्डला कधीही नाही. शेपूट खाली झुकवलेले, म्हणजे हाउसिंग फायरवॉलखालून सरकते. शेडची जमीन जांभ्याची, पावसाने भिजलेली, जॅक रुतत होता. खाली जाड पत्रा टाकला. नवी रबरे घातली आणि बोल्ट हातानेच लावून सोडले. इंजिनाचे वजन पूर्ण बसल्याशिवाय फाउंडेशन आवळले तर हाउसिंगला पीळ बसतो.

आता गिअरबॉक्स, आणि सगळे प्रकरण जिथे सुरू झाले होते ती जागा. हाउसिंगच्या दोन भोकांत डोकी कापलेले लांब बोल्ट घातले, रुळांसारखे. गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर, वरून साखळीची हलकी ओढ. तो रुळांवर आला की त्याचा भार प्लेटच्या हबवर येऊच शकत नाही. बॉक्स चौथ्यात टाकून मेस्त्री मागचे योक, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जोडायचा भाग, हळूहळू फिरवत होते, म्हणजे शाफ्टच्या आणि प्लेटच्या खाचा (स्प्लाइन) एकमेकांना शोधतात. शेवटची बोटभर फट राहिली आणि तो अडला.

शेजारच्या पोराने बोल्ट उचलले. "मेस्त्री, आवळून ओढू या?"

"हात लावू नको. मागे घे."

मागे घेतला. बुशच्या तोंडाशी शाफ्टचे नाक किंचित खाली टेकत होते. जॅक अर्धा फेरा वर केला, योक पुन्हा फिरवले, आणि गिअरबॉक्स एका हाताच्या दाबाने आत जाऊन टक्क करून बसला. ही फट बोल्टने ओढून मिटवण्याचा मोह प्रत्येक गॅरेजमध्ये होतो. तो बळी घेतो क्लच प्लेटचा, पायलट बुशचा, नाहीतर बिडाच्या कानाचा. गिअरबॉक्स हाताने आत जात नसेल तर काहीतरी अडते आहे, आणि ते काय ते शोधणे हेच त्या क्षणी काम आहे. बोल्ट जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाहीत.

गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचे जीएल-४ ऑइल घातले. दुकानदार हल्ली सर्रास जीएल-५ देतात. त्यातली गंधकयुक्त रसायने जुन्या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. डब्यावरचा आकडा वाचून घ्यावा. प्लग न लावता स्टार्टर फिरवून आधी ऑइल प्रेशर काट्यावर आणले, मग प्लग लावून इंजिन सुरू केले. वजन बसल्यावर फाउंडेशन आवळले. पेडलला पाऊण इंच फ्री प्ले मिळाला, रॉडचा आटा मध्यावर.

क्लच दाबून दहा मोजले आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. भाई स्वतः गाडी चालवत फर्मागुडीला गेले, हौद्यात वाळूची पोती भरून. उतारावर चौथ्यात पाय काढला, पुन्हा दिला, पुन्हा काढला. दांडा जागचा हलला नाही. तळाशी थांबून त्यांनी मला विचारले, "मग सिंक्रो ठीकच होता म्हणायचा?" ठीकच होता. गिअरबॉक्स आम्ही उघडलाच नाही.

थोडे चालवून झाल्यावर हाउसिंगचे आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळून पाहिले. फाउंडेशनचे थोडे घेतले, हाउसिंगचे अजिबात नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेलाचा एखादा थेंब अजून येतो. योकवर सीलची खाच पडली आहे. ती स्लीव्ह घालून दुरुस्त होईल. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही, म्हणून ते काम पावसानंतर ठेवले आहे.